हरलेला डाव तपासताना: एक पराभव, तीन बैठका

बुद्धिबळाचा डाव ७१ चालींत संपला. मी काळ्या मोहऱ्यांनी खेळत होतो. प्रत्येकी ६० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंदांची भर. राजीनामा दिला तेव्हा डोक्यात एकच वाक्य घोळत होतं: हत्तीच्या अखेरीत, म्हणजे हत्ती आणि प्यादी उरतात त्या शेवटच्या टप्प्यात, मी कच्चा आहे. दोन दिवसांनी तपासणी संपली तेव्हा हे वाक्य अर्धवट खरं निघालं, आणि अर्धवट खरं निदान पूर्ण खोट्यापेक्षा जास्त वेळ खातं. त्यावर विसंबलो असतो तर महिनाभर हत्तीच्या अखेरी घोकत बसलो असतो आणि डाव खरोखर जिथे हातातून गेला ती जागा तशीच राहिली असती.

हरलेला डाव तपासण्याची माझी पद्धत याच डावाच्या आधारे मांडतो. चाली लिहिताना रा, व, ह, उ, घो (राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा) ही नेहमीची अक्षरं वापरतो. घराचं नाव म्हणजे उभी पट्टी (ए ते एच) आणि आडवी रांग (१ ते ८), आणि चालीच्या आकड्यापुढे तीन टिंबं असली तर ती काळ्याची चाल. प्याद्याच्या चालीला अक्षर नाही, आणि × म्हणजे मारणं.

पहिलं काम डाव संपल्यावर दहा मिनिटांत करायचं असतं. त्यात विश्लेषण नाही, फक्त नोंद. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, नियमानुसार घड्याळात पाच मिनिटांहून कमी वेळ उरला आणि दर चालीची भर ३० सेकंदांपेक्षा कमी असेल, तर चाली लिहिण्याची सक्ती राहत नाही. इथे भर ३० सेकंदांची असल्यामुळे शेवटपर्यंत लिहावंच लागलं, म्हणून स्कोअरशीट पूर्ण होती. चालींशेजारी घड्याळातली वेळ लिहायलाही नियमाची आडकाठी नाही. मी दर तीन-चार चालींनी उरलेली मिनिटं टिपतो. ही एक सवय लावून घ्या, पुढचं निम्मं काम सोपं होतं. चाल चुकली हे कोणीही सांगेल, पण ती २० सेकंदांत चुकली की १२ मिनिटांत, यावरून उपचार बदलतो.

त्या दहा मिनिटांत मी पाच-सहा चालींसमोर त्या वेळी काय विचार केला होता ते लिहितो. बरोबर की चूक ते नाही, फक्त विचार. 'इथे वाटलं की घोड्यावर हल्ला आहे, मागे घ्यावा.' 'इथे वाटलं हत्ती गेले की बरोबरी.' हे लगेच लिहावं लागतं, कारण दुसऱ्या दिवशी आठवण स्वतःच्या सोयीने बदललेली असते. इंजिनची, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रोग्रामची, चाल एकदा दिसली की 'मला ती दिसली होती, पण...' असं मन अगदी प्रामाणिकपणे सांगायला लागतं. कागद असला की ते जमत नाही.

प्रतिस्पर्धी तयार असेल तर त्याला दोनच गोष्टी विचारायच्या: कुठल्या चालीची भीती वाटत होती, आणि आपण बरे आहोत असं कधी वाटायला लागलं. स्वतःचं समर्थन करायचं नाही, चाली परत करून जिंकून दाखवायचं तर अजिबात नाही. या डावात समोरच्याने सांगितलं की २७व्या चालीला मोहरा सोडल्या सोडल्या त्याच्या पोटात गोळा आला होता. मला त्या चालीत काहीच दिसलं नव्हतं. मी फक्त '२७?' एवढं लिहून ठेवलं.

त्या रात्री इंजिन उघडायचं नाही. यामागे नैतिक काही नाही. इंजिनने उत्तर दिलं की मेंदू शोधायचं थांबवतो, आणि आपण तर शोधण्याचाच सराव करायला बसलेलो असतो. उत्तरं पाठीमागे छापलेली असताना गणित सोडवल्यासारखं होतं ते.

पहिली बैठक: पट, कागद, पाऊण तास

दुसऱ्या दिवशी खरा पट मांडून बसतो. स्क्रीनवर चालतं, पण तिथे बाणाचं बटण दाबत पुढे पळायचा मोह होतो. पटावर प्रत्येक चाल हाताने करावी लागते, त्यामुळे आपोआप वेग कमी होतो.

बहुतेक जण डाव पहिल्या चालीपासून बघतात. मी शेवटाकडून मागे जातो. राजीनाम्याची स्थिती मांडायची आणि विचारायचं: इथे हरलेलंच होतं का? हो. मग पाच चाली मागे. इथे? हो. आणखी मागे. असं करत ज्या स्थितीला 'इथून मला बरोबरी करता यायला हवी होती' असं कारणासकट म्हणता येईल तिथे थांबायचं. डाव जिथे हरला ती जागा त्या स्थितीच्या पुढेमागेच असते. पहिल्यापासून बघायला लागलं की बाराव्या चालीवरच्या किरकोळ मतभेदात अर्धा तास जातो आणि अखेरीपर्यंत पोचेपर्यंत दम संपतो.

या डावात मागे जाताना ५८व्या चालीवर थांबलो. स्थिती अशी होती. पांढरा: राजा एफ५, हत्ती ई१, प्यादं एफ४. काळा: राजा एफ७, हत्ती ए८. पटावर पाचच मोहरे, चाल माझी, घड्याळात चार मिनिटं. मी खेळलो ५८...हई८. पुढे ५९. ह×ई८ रा×ई८ आणि पांढरा राजा पुढे सरकला. बाकीच्या चाली उपचारापुरत्या.

कागदावरचा विचार होता: 'राजा प्याद्यासमोर आहे, ऑपोझिशन माझ्याकडे, हत्ती गेले की बरोबरी.' (ऑपोझिशन म्हणजे दोन राजे एक घर सोडून समोरासमोर आणि चाल समोरच्याची.) या वाक्यात नेमकं काय चुकलं हे शोधायला वीस मिनिटं लागली, आणि सगळ्या तपासणीत तीच सगळ्यात कामाची वीस मिनिटं होती.

पटावरून दोन्ही हत्ती उचलून बाजूला ठेवले. पांढरा राजा एफ५, प्यादं एफ४, काळा राजा एफ७. चाल पांढऱ्याची असेल तर ही खरोखर बरोबरी आहे: राजा ई५ ला गेला तर काळा ई७ ला, जी५ ला गेला तर जी७ ला, प्यादं पुढे रेटलं तर काळा राजा समोर येतो, प्यादं सहाव्या रांगेत आलं की एफ८ वर सरळ मागे सरकतो, आणि शेवटी पात होते, म्हणजे शह नाही पण चालही उरत नाही, म्हणून बरोबरी. चाल काळ्याची असेल तर मात्र पांढरा जिंकतो, कारण काळ्या राजाला बाजूला व्हावं लागतं. म्हणजे माझं ज्ञान बरोबर होतं. चूक एवढीच की हत्ती असे हवेत विरघळत नाहीत. ते कुठल्यातरी घरात मारले जातात आणि कोणीतरी मारतं. इथे मारामारी ई८ वर झाली आणि शेवटचा मारणारा होता माझाच राजा. तो एफ७ सोडून ई८ वर ओढला गेला, आणि चाल पांढऱ्याची आली.

एफ४ वरच्या प्याद्यासाठी ई६, एफ६ आणि जी६ ही तीन घरं कळीची असतात. पांढरा राजा त्यातल्या एका घरात पोचला की चाल कोणाची याने फरक पडत नाही, प्यादं वजीर होतं. प्यादं पाचव्या रांगेच्या अलीकडे असताना कळीची घरं त्याच्या दोन रांगा पुढे असतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं. (हत्तीच्या पट्टीतलं, म्हणजे ए किंवा एच वरचं प्यादं हा अपवाद, तिथे बचावाचा राजा कोपऱ्यात पोचला की बरोबरी.) माझा राजा एफ७ वर असताना तिन्ही घरांवर त्याचा पहारा होता. ई८ वर गेला आणि तिन्ही मोकळी झाली.

तर ही चूक ज्ञानाची नव्हती, हत्तीच्या अखेरीचीही नव्हती. ती मनात चित्र रंगवण्याची होती: मारामारीनंतरची स्थिती न बघता आताच्या स्थितीतून दोन मोहरे वजा केले. मी जुने डाव काढून बघितले तर हीच वजाबाकी मधल्या खेळातही सापडली, वजिरांच्या अदलाबदलीत. तिथे राजाऐवजी प्यादं मारणारं होतं आणि बिघडली होती ती प्याद्यांची रचना.

आता काय खेळायला हवं होतं? इथे ज्ञानाचा भाग येतो, तोही मोजकाच. राजा प्याद्यासमोर, हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या, म्हणजे इथे सहाव्या आडव्या रांगेत: ५८...हए६. याला फिलिडोरचा बचाव म्हणतात. पांढऱ्या राजाला सहावी रांग ओलांडता येत नाही. मग हत्ती त्याच रांगेत इकडून तिकडे फिरवत राहायचा. पांढऱ्याने प्यादं सहाव्या रांगेत ढकललं की त्याच क्षणी हत्ती पार खाली पहिल्या रांगेत न्यायचा आणि मागून शह देत राहायचं, कारण आता राजाला लपायला प्याद्यापुढची जागा उरत नाही. लोक इथे दोन प्रकारे चुकतात. एक, प्यादं पाचव्या रांगेत असतानाच घाईने हत्ती खाली नेतात. मग राजा सहाव्या रांगेत येतो, प्याद्याचा आडोसा घेतो आणि बचाव फार अवघड होतो. दोन, हत्ती मागच्या रांगेत राजाशेजारी बसवून ठेवतात. प्यादं घोड्याच्या (बी, जी) किंवा हत्तीच्या पट्टीतलं असेल तर तसं बसूनही बरोबरी होते. मधल्या (डी, ई) किंवा उंटाच्या (सी, एफ) पट्टीत बहुधा हार.

पाऊण तासातली तीस मिनिटं इथे गेली. उरलेल्या वेळात बाकीचा डाव भरभर पुढे नेला आणि जिथे माझा विचार डळमळीत होता तिथे पेन्सिलने खूण केली. शंका असलेली प्रत्येक चाल तपासायची नसते. तीन, फार तर चार खुणा. त्याहून जास्त झाल्या तर एकही नीट बघितली जात नाही.

दुसरी बैठक: इंजिन

आता स्टॉकफिश. फुकट आहे, मोबाइलवरही चालतं. लीचेस या संकेतस्थळावर डाव टाकला की तेच इंजिन मागे काम करतं, आणि सात मोहऱ्यांपर्यंतच्या अखेरींचा पूर्ण तक्ता, म्हणजे टेबलबेस, तिथेच जोडलेला आहे. पाच मोहऱ्यांच्या स्थितीत इंजिनच्या आकड्याकडे बघूच नका, सरळ टेबलबेस बघा. तिथे अंदाज नसतो. जिंकतं, हरतं किंवा बरोबरी, एवढंच लिहिलेलं असतं. ५८व्या चालीला त्याने माझं म्हणणं मान्य केलं: हए६ बरोबरी, हई८ हार. शिवाय हए५ शह हीही बरोबरीच निघाली, जी मी बघितलीच नव्हती. ५९. हई५ ह×ई५ शह आणि मग राजाने मारलं तर ६०...राई७ ने ऑपोझिशन मिळते, प्याद्याने मारलं तरी राई७ ने बरोबरीच. मजा बघा: इथेही हत्तींची अदलाबदलच आहे, पण शेवटचं मारणं पांढऱ्याच्या वाट्याला येतं, माझा राजा जागेवरून ओढला जात नाही आणि चाल माझी असते. हत्ती बदलणं चूक नव्हतं, ते कुठल्या घरात बदलले हे चुकलं.

इंजिन वापरताना आकड्यांच्या बाबतीत थोडं शहाणपण लागतं. स्टॉकफिशच्या १५.१ या आवृत्तीपासून +१ चा अर्थ साधारण असा ठरवला आहे की इंजिन स्वतःशीच खेळलं तर तिथून जिंकण्याची शक्यता निम्मी. ती इंजिनची शक्यता आहे, तुमची-माझी नाही. त्यामुळे ०.३ च्या फरकावर डोकं आपटण्यात अर्थ नाही. +६ वरून +४ वर घसरण झाली तर तीही सोडून द्या, डाव जिंकलेलाच होता. मी फक्त तीन प्रकारच्या उड्या बघतो: बरोबरीवरून हार, जिंकण्यावरून बरोबरी, आणि समोरच्याने चूक केली पण आपण ती सोडून दिली. तिसरी सगळ्यात जास्त शिकवते आणि सगळ्यात कमी लोक बघतात, कारण आलेख बघताना आपण फक्त आपल्या लाल ठिपक्यांवर बोट ठेवतो.

२७वी चाल त्याच जातीची निघाली. पांढरा राजा जी१ वर, हत्ती सी१ आणि डी१ वर, उंट डी३ वर. माझा घोडा डी४ वर. वजीर केव्हाच गेलेले. पांढऱ्याने खेळलं २७. उई४. उंट सरकल्यामुळे डी१ च्या हत्तीची वाट मोकळी झाली आणि डी४ च्या घोड्यावर हल्ला आला. मी २० सेकंदांत २७...घोसी६ खेळलो. पुढे उ×सी६ बी×सी६, माझी प्यादी एकाखाली एक आली, आणि एक प्यादं कमी असलेली हत्तीची अखेर सुरू झाली.

त्याच घोड्याने २७...घोई२ शह होता. राजावर शह, सी१ च्या हत्तीवर हल्ला; राजा हलला की हत्ती पडतो आणि त्याच्या बदल्यात फक्त घोडा जातो. एक प्यादं कमी असलेला डाव एका चालीत माझ्या बाजूला झुकत होता. समोरच्याच्या पोटात गोळा का आला ते आत्ता कळलं.

का दिसलं नाही? इंजिन हे सांगत नाही. ते तुम्हालाच काढावं लागतं. कागदावर लिहिलं होतं: 'घोड्यावर हल्ला, मागे घ्यावा.' म्हणजे समोरच्याच्या चालीने काय धमकी दिली एवढंच बघितलं. ती चाल काय सोडून गेली हे बघितलंच नाही. डी३ वरचा उंट ई२ राखत होता. ई४ वर गेल्यावर ई२ उघडं पडलं. हलणारा प्रत्येक मोहरा काहीतरी नव्याने धरतो आणि काहीतरी सोडतो. आपली नजर पहिल्या गोष्टीकडे जाते कारण तिथे भीती असते, दुसरी शोधावी लागते.

घड्याळाची नोंदही इथे बोलली. २४व्या चालीवर मी ११ मिनिटं घालवली होती, दोन जवळपास सारख्या चालींमधून एक निवडण्यासाठी. इंजिनच्या मते दोन्हींत फरक नव्हता. त्या खर्चाची भरपाई करायला पुढच्या चाली भराभर खेळलो आणि त्या घाईतच २७वी आली. वेळेची चूक एका चालीवर होते आणि दंड दुसऱ्याच चालीवर बसतो, म्हणून नुसती चुकलेली चाल बघून ती सापडत नाही.

नजरचुकीबद्दल फार लाज बाळगू नये. २००६ मध्ये बॉनला डीप फ्रिट्झ या संगणक-प्रोग्रामविरुद्धच्या सामन्यात दुसऱ्या डावात क्रामनिकने, तेव्हाच्या जगज्जेत्याने, एका चालीतली मात बघितली नाही. पांढऱ्या वजिराने एच७ वर मात दिली. त्या घराला आधार होता एफ८ वर नुकत्याच येऊन बसलेल्या घोड्याचा. एच७ वरची मात म्हटलं की आपल्या डोळ्यांना मागे उंट किंवा जी५ चा घोडा दिसायची सवय असते. आठव्या रांगेत शिरलेला घोडा मागून एच७ राखतोय हे चित्र विरळ. ओळखीचं चित्र नसलं की नजर त्यावरून घसरते. त्यामुळे नजरचूक सापडली की 'लक्ष नव्हतं' असं लिहून विषय संपवू नका. कुठलं चित्र दिसलं नाही ते लिहा.

तिसरी खूण सुरुवातीची होती आणि तिच्यावर मी जास्त वेळ दिला नाही. पेट्रॉफ नावाची सुरुवात: १. ई४ ई५ २. घोएफ३ घोएफ६ ३. घो×ई५, आणि इथे मी क्रम विसरून ३...घो×ई४ खेळलो. ४. वई२ आलं. आता घोडा हलवला तर घोसी६ हा उघड शह येतो आणि वजीर जातो, हे निदान आठवलं, म्हणून ४...वई७ ५. व×ई४ डी६ ६. डी४ डी×ई५ ७. डी×ई५. मोहरा परत मिळाला, पण हिशेब केला तर एक प्यादं कमी. बरोबर क्रम ३...डी६, घोडा मागे जाऊ द्यायचा आणि मग ई४ मारायचं. बस, एवढंच. ही शुद्ध आठवणीची चूक आहे. तिला एक ओळ पुरते. हरल्यावर बहुतेक लोक सगळा वेळ सुरुवातीच्या चालींवर घालवतात कारण ते काम सोपं असतं आणि अभ्यास केल्यासारखं वाटतं. पण त्या प्याद्यासकट मी २७व्या चालीला बाजी उलटवू शकत होतो आणि ५८व्या चालीला बरोबरी करू शकत होतो. सुरुवातीने डाव अवघड केला, हरवला नाही.

इंजिनसोबत बसताना आणखी एक काम करतो. इंजिनची पहिली पसंती पटली नाही तर वाद न घालता माझी चाल पटावर खेळतो आणि इंजिन तिला काय उत्तर देतं ते बघतो. पहिल्या तीन पसंती एकदम दिसतील असं ठेवतो. तिन्हींचे आकडे जवळपास सारखे असतील तर ती स्थिती निर्णायक नाही, पुढे चला. पहिली आणि दुसरी यांत दरी असेल तर तिथे एकच चाल होती. अशी जागा वहीत जाते. आणि इंजिनची चाल का चांगली हे माझ्या शब्दांत एका वाक्यात सांगता आलं नाही, तर ती वहीत घ्यायची नाही. न समजलेली चाल पाठ केल्याने पुढच्या डावात ती चुकीच्या जागी खेळली जाते.

तिसरी बैठक: वही

जगज्जेता बॉटविनिक स्वतःच्या डावांची चिकित्सा लिहून प्रसिद्ध करत असे, इतरांनी त्यातल्या चुका काढाव्यात म्हणून. १९५७ मध्ये स्मिस्लॉव्हकडून जगज्जेतेपद गेलं, १९५८ मध्ये परत घेतलं. १९६० मध्ये तालकडून गेलं, १९६१ मध्ये परत घेतलं. प्रसिद्ध करण्याइतकं आपलं काही नसतं, पण तत्त्व उचलण्यासारखं आहे: दुसऱ्याला वाचून कळेल असं लिहायचं. स्वतःपुरत्या नोंदी फार लवकर थापा मारायला लागतात.

माझ्या वहीत एका डावाची जास्तीत जास्त तीन कार्डं होतात. पुढच्या बाजूला स्थिती आणि कोणाची चाल एवढंच. 'जिंका' किंवा 'बरोबरी करा' असं लिहायचं नाही, कारण खऱ्या डावात कोणी तसं सांगत नाही. मागच्या बाजूला चाल, एका वाक्यात कारण, आणि खाली चुकीची जात. जाती मी चारच ठेवल्यात: माहीत नव्हतं, दिसलं नाही, चित्र चुकलं, वेळ. या डावाची कार्डं अशी झाली. तिसरी चाल: माहीत नव्हतं (आठवलं नाही हे त्यातच). २७वी: दिसलं नाही, शेजारी कंसात वेळ. ५८वी: चित्र चुकलं. जाती जास्त केल्या की वर्गीकरणाचाच छंद लागतो.

प्रत्येक जातीचा सराव वेगळा, आणि हे न ओळखणं हीच इथली सर्रास होणारी चूक. 'माहीत नव्हतं' याला वाचन आणि पाठांतर. 'दिसलं नाही' याला वाचून काहीच होत नाही. तिथे सवय बदलावी लागते. मी त्यासाठी समोरच्याच्या प्रत्येक चालीनंतर एकच प्रश्न ठरवला: हा मोहरा तिथून उठल्यामुळे कुठलं घर उघडं पडलं? सरावाच्या डावांत आधी प्रश्न, मग घड्याळाकडे नजर. चाल आधी कागदावर लिहून मग ताज्या डोळ्यांनी पटाकडे बघायचं, असा एक जुना सल्ला आहे. पण आता फिडेच्या नियमांत चाल करण्याआधी लिहायला मनाई आहे, बरोबरीचा दावा करतानाचा अपवाद सोडला तर. म्हणून प्रश्न मनातच विचारायचा. हात मांडीखाली ठेवला तर आणखी बरं.

'चित्र चुकलं' याचा सराव मला सगळ्यात आवडतो. अदलाबदल शक्य असलेली स्थिती घ्यायची, मोहऱ्यांना हात न लावता मारामारीनंतरची स्थिती कागदावर काढायची: कोण कुठल्या घरात, चाल कोणाची. मग पटावर खेळून ताडून बघायचं. दिवसाला पाच स्थिती, दहा मिनिटं. पहिल्या आठवड्यात बहुतेक वेळा शेवटच्या मारणाऱ्याची जागा बरोबर येते आणि चाल कोणाची हे चुकतं. ५८व्या चालीची अखेर इंजिनविरुद्ध दोन्ही बाजूंनी खेळतो. आधी काळ्याने बरोबरी करायची, ओळीने पाच वेळा जमेपर्यंत, मग पांढऱ्याने जिंकायचा प्रयत्न करायचा, म्हणजे बचाव कुठे फुटतो ते कळतं.

'वेळ' या जातीला एक साधा नियम लावला: दोन चालींत फरक सापडत नसेल तर पाच मिनिटांनंतर पहिली सुचलेली खेळायची.

बुलेट आणि ब्लिट्झच्या, म्हणजे काही मिनिटांत संपणाऱ्या, डावांना हा सगळा कारभार लावू नका. तिथल्या चुका घड्याळाच्या असतात आणि संख्येने इतक्या की वही आठवड्यात भरते. निदान अर्ध्या तासाचे डाव घ्या, त्यातही हरलेले आणि ज्यात आपण बरे होतो असे आधी. मांडणीतूनच चिरडला गेलेला डाव तपासायला दहा मिनिटं पुरतात.

कार्डं एका दिवसाने, तीन दिवसांनी, सात दिवसांनी आणि एकवीस दिवसांनी काढतो. चुकलं की ते कार्ड परत पहिल्या दिवसावर. एकविसाव्या दिवशी या डावाची तीन कार्डं काढली. पेट्रॉफ बरोबर आलं. घोई२ शह लगेच दिसला, अर्थात कार्डावर तो दिसणारच. काहीतरी आहे हे माहीत असतं, म्हणून या जातीच्या कार्डावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. ५८व्या चालीच्या कार्डावर मी हए६ लिहिलं, मग उगाच डोकं चालवून पुढच्या चालीचं चित्र काढलं, आणि त्यात पांढऱ्याचं प्यादं एफ५ वर असतानाच हत्ती खाली नेला. ते कार्ड परत पहिल्या दिवसावर गेलं.